एका डोळ्याचा नवस

आबांना रोपवेचा राग होता. साधासुधा नव्हे. त्या पाळण्याचं नुसतं नाव काढलं तरी ते हातातली चहाची बशी खाली ठेवायचे. "माणूस काय धुणं हाय व्हय रं, दोरीवर वाळत घालायला?" असं एकदा म्हणाले की पुढचा अर्धा तास गाडी थांबायची नाही. आंध्रात, समुद्राकाठच्या एका शहरात, त्यांचं गलाईचं दुकान होतं. दुकानाच्या दारात उभं राहिलं की समोर डोंगर दिसायचा, थेट समुद्राच्या पाण्यातून वर आलेला, आणि त्याच्या अंगावरून लाल-पिवळे पाळणे दिवसभर वर-खाली करायचे. म्हणजे आबांच्या रागाला रोजचा खुराक दारातच होता.

गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचा धंदा. आमच्या विट्याकडची माणसं हा धंदा घेऊन देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही परक्या शहरातल्या सराफ गल्लीत जाऊन मोठ्यानं "आवं पावनं" म्हणा, दोन-चार डोकी बाहेर येणारच. माझे अब्बा विट्यात गाद्या भरायचे. मला कापसाच्या कणांनी खोकला यायचा, म्हणून तो धंदा सोडून मी तेजाबाच्या धुरात गेलो. असलं शहाणपण आमच्या घराण्यात आधीपासून आहे. आबा आमच्या शेजारच्या गावचे. त्यांच्या वाडवडिलांनी माळावर मेंढरं राखली. आबांनी हातातली काठी टाकून सांडशी धरली, पण बोलणं मात्र मेंढरं हाकल्यासारखंच राहिलं. समोर गिऱ्हाईक असो नाहीतर पोलीस, आवाज तोच.

मी त्यांच्याकडं लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि आधी दोन ठिकाणी काम करून आलो होतो. तरी पहिल्या दिवशी त्यांनी मला दारातच अडवलं, आत येताना नव्हे, बाहेर जाताना. हात पिंपात धू, केस झटक, विजार झटक, चपलांचे तळवे ब्रशनं झाड. सोन्याचा कण अंगाला चिकटून बाहेर जातो, म्हणून सगळ्याच गलाईवाल्यांकडं ही पद्धत असते. हात धुतलेलं पाणी कुणी ओतून देत नाही, पायपुसणंसुद्धा जाळून त्याची राख आटवतात. पण आबांनी त्याचा धर्म केला होता. एकदा त्यांचे नवे जावई दुकान बघायला आले. पायात नवेकोरे बूट. निघताना आबांनी त्यांना उंबऱ्यावर बसवलं आणि स्वतः खाली बसून त्यांच्या बुटांचे तळवे झाडले. जावई लाजेनं मेले. आबा म्हणाले, "जावई ऱ्हाऊ द्या तिकडं. बुटाला काय कळतंय?"

दुसरं म्हणजे त्यांचा कुणावरही विश्वास नव्हता. सोनं आलं की तीनदा तपासायचे. एकदा कसोटीवर, एकदा विस्तवात, आणि शेवटी उगाचच जिभेवर. मी एकदा विचारलं, "आबा, जीभ काय सांगती वं?"

"गप ऱ्हाती," ते म्हणाले. "जीभ गप ऱ्हायली म्हंजी माल खरा."

असला हा संशयी माणूस, आणि एका बाबतीत इतका भाबडा की माझा जीव कासावीस व्हायचा.

आमच्या मुलखात डोंगर म्हटला की वर देवी असायचीच. औंधला जा, पायऱ्या चढा, वर यमाई. आबांच्या लहानपणापासूनची ही रीत. त्यामुळं तरुणपणी या शहरात आले, पहिल्याच संध्याकाळी दुकानाच्या दारात उभे राहिले आणि समोरच्या डोंगराच्या माथ्यावर लाल दिवा लागलेला बघितला, तेव्हा त्यांनी कुणाला काही विचारलंच नाही. दीपमाळ लागली म्हणून हात जोडले. तेव्हापासून रोज, दिवा लागला की हातातलं काम टाकून दारात यायचे, टोपी काढायचे आणि नमस्कार करायचे. "आपल्या यमाईची धाकटी भन हाय ही," असं मला सांगितलं. "भाषा तेवढी येगळी हाय तिची."

मी नोकरीला लागलो त्याच महिन्यात, सुट्टीच्या दिवशी, दुकानातल्या दोघांबरोबर रोपवेनं वर गेलो. वर बाग होती, झोपाळे होते, भाजलेली कणसं विकणाऱ्या बाया होत्या, फोटो काढायची जागा होती. आणि एक लोखंडी मनोरा होता, विमानांना डोंगर कळावा म्हणून टोकाला लाल दिवा लावलेला. देवीचं नाव ना गाव. खाली आलो तर आबा दारात टोपी काढून उभे. त्यांचा तो चेहरा बघून माझी जीभ उचलेना. आज सांगू, उद्या सांगू म्हणत वर्षं गेली.

आता जे घडलं ते सांगतो. ते सांगितल्याशिवाय आबा कळायचे नाहीत.

तिसऱ्या वर्षी एका संध्याकाळी आबा भांड्यात सोन्याचा माल टाकून त्यावर तेजाब ओतत होते. हे काम ते दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. तेवढ्यात डोंगरावर दिवा लागला. "वाईच बघ रं," असं मला म्हणून ते दारात गेले. भांडं फसफसलं. मी स्टोव्ह बारीक करायला वाकलो आणि तेजाब उसळून माझ्या तोंडावर आलं.

पुढचं मला ऐकू आलं तेवढंच आठवतं. मी ओरडलो. आबा ओरडले. मग माझ्या मानेवर त्यांचा हात, आणि डोक्यावर नळाचं पाणी. मी सुटायला धडपडत होतो, ते सोडेनात. किती वेळ धरून ठेवलं देव जाणे. "ओरड, गड्या, ओरड, पर डोळं उघडं ठेव," एवढंच म्हणत होते. डॉक्टर नंतर म्हणाले, ते पाणी नसतं तर दोन्ही डोळे गेले असते.

दवाखान्यात आबा बाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. दुकान बंद. जेवण नाही. डोळ्यांवर पट्ट्या होत्या म्हणून मला ते दिसायचे नाहीत, पण खोकला ऐकू यायचा. माझी आई विट्याहून आली. तिनं दर्ग्यावर चादर बोलली. आबा म्हणाले, "बरं केलंस भने. तू तुझ्याकडनं लाव, मी माझ्याकडनं लावतो." आणि तिथंच, माझ्या खाटेपाशी, बोलले, "आई, ह्येचं दोन्ही डोळं आलं तर अनवानी तुझा डोंगर चढीन आनि वटी भरीन." मग माझ्या उशाशी वाकून हळूच म्हणाले, "माझ्या नमस्कारापायी झालं रं हे." इतका खालचा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

उजवा डोळा आला. डावा आला नाही. उजेड-अंधार तेवढा कळायचा, त्यापुढं सगळं दुधाळ. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आणि सांगितलं की याच्यावर आता उपाय नाही. मी कागदाची घडी केली, खिशात घातली, बाहेर आलो. आबा बाकड्यावरून उठले. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. म्हणाले, "काय रं?"

मी म्हणालो, "दोन्ही आलं, आबा. लख्ख दिसतंय."

हे खोटं मी विचार करून बोललो नाही. त्या तोंडाला दुसरं काही सांगता आलं नसतं, एवढंच. नंतर मी काळसर चष्मा घेतला. गलाईच्या धंद्यात तो खपूनही गेला. चार वर्षं आबा रोज सकाळी विचारायचे, "दिसतंय न्हवं?" मी म्हणायचो, "दिसतंय की." सोनं तीनदा तपासणाऱ्या या माणसानं एकदाही मला एक डोळा झाकायला सांगितलं नाही.

त्या चार वर्षांत आबांची छाती गेली. जन्मभर तेजाबाचा धूर ओढलेला. जिना चढताना दोनदा बसायचे. डॉक्टरांनी दम दिला की हा धंदा सोडा, चढ-उतार बंद. त्यांनी दुकान भावाच्या हवाली करायचं ठरवलं. गावाकडं जायची तिकिटं काढली. नवस ते चार वर्षं आज-उद्या करत पुढं ढकलत आले होते. तिकिटं खिशात घालत म्हणाले, "तेवढा डोंगर ऱ्हायलाय. रविवारी चढू."

नवस कशाचा होता? दोन्ही डोळ्यांचा. दोन्ही डोळे कुठं आले होते? म्हणजे हा माणूस मरायच्या बोलीनं डोंगर चढणार तो माझ्या खोट्यापायी. मी खरं सांगितलं असतं तर त्याला चढायचं कारणच उरलं नसतं. पण खरं सांगायचं म्हणजे तुमच्या नमस्कारानं माझा डोळा गेला असं तोंडावर सांगायचं. ते होईना. म्हणून मी अर्धं खरं काढलं.

"आबा, वर देवी न्हाई. मी बघून आलोय. बाग हाय नुसती."

"कशानं गेलतास?"

"रोपवेनं."

"मग कशी दिसंल?" आबा म्हणाले. "पाळण्यात बसून गेल्यावर पोरासोरांची खेळणीच दिसायची." आणि चहाची बशी उचलून भुरका मारला.

रविवारी सकाळी लवकर निघालो. आबांच्या काखेत पिशवी, तीत खण, नारळ, तांदूळ. चपला त्यांनी दुकानातच काढल्या. वर जायला डांबरी रस्ता आहे, वळणावळणाचा, आणि समुद्रावरून येणारी दमट हवा. पहिल्या वळणाला आबा थांबले. "थांब, वाईच समुद्र बगू." कठड्याला धरून उभे राहिले आणि डोळे मिटले. दुसऱ्या वळणाला परत, "समुद्र बगू." तिसऱ्याला नुसतंच "समुद्र." डोळे मिटून एवढा समुद्र कुणी बघितला नसेल.

डोक्यावरून पाळणे जात होते. एका पाळण्यातून एका लहान मुलीनं हात हलवला. आबांनी माझ्याकडं बघितलं, मी समुद्राकडं बघतोय असं दाखवलं, मग त्यांनी हळूच हात वर करून हलवला.

ऊन चढलं तसं डांबर तापलं. मी म्हणालो, "चपला घाला, देवी काय म्हणत न्हाई." तर म्हणाले, "तुला काय म्हाईत ती काय म्हंती? तुज्या मतं ती न्हाईच की." बोलायचा दम होता तोवर मला काळजी नव्हती. निम्म्यावर आलो आणि बोलणं बंद झालं. कठड्यावर बसले ते बसलेच. ओठ काळेनिळे, छाती भात्यागत वर-खाली, आणि श्वास काही आत जाईना. हात वर करून काही सांगायला बघत होते, शब्द येईना. मागंपुढं माणूस नाही. त्या क्षणी मला कळलं की आता गप्प राहिलो तर जन्मभर मीच मला माफ करणार नाही.

त्यांच्या पुढ्यात बसलो आणि बोललो. "आबा, तुमचा नवस लागूच न्हाई. डावा डोळा आलाच न्हाई माझा. चार वरीस खोटं बोललो. तुमी चढायचं कायबी कारण न्हाई. खाली चला, पाया पडतो."

आबांचा श्वास लागलेलाच होता. मग त्यांनी माझा चष्मा काढला, दोन्ही बाजूंनी माझं डोकं धरलं आणि उजव्या डोळ्यावर आपला तळवा ठेवला. जन्मभर तेजाबात पोळलेला तो खरखरीत तळवा. दुसरा हात समोर धरला असावा.

"किती?"

"न्हाई दिसत, आबा."

"नीट बघ."

"न्हाई दिसत."

तळवा बराच वेळ निघाला नाही. निघाला तेव्हा त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. मग एकाएकी पाठीत असा धपाटा बसला की मी पुढं आपटलो. "चार वरीस? मला? सोन्यातलं तांबं वासावरनं वळखणाऱ्या माणसाला?" खोकला आला. खोकला थांबल्यावर आवाज उतरला. "तुजा दोष न्हाई गड्या. रोज इचारत हुतो, पर झाकून बघ म्हनलो न्हाई. भ्यालो हुतो मी."

मी रडलो. लाज काय त्यात. भर उन्हात, कठड्यावर, दोघंही रडलो. डोक्यावरून पाळणे चाललेच होते.

मग मला वाटलं, आता उतरायचं. मी पिशवी घेतली आणि खालच्या बाजूला वळलो. आबा उठले आणि वरच्या बाजूला चालायला लागले.

"आवं आबा! कुठं?"

"वर."

"नवस दोन डोळ्यांचा हुता!"

"येक तर दिलाय न्हवं तिनं?" ते थांबले नाहीत. "येकाचा फेडतो. तू चल."

आम्ही चढत राहिलो. ते दहा पावलं टाकायचे, थांबायचे, परत दहा पावलं. आता समुद्राचं निमित्तही सांगत नव्हते. एका ठिकाणी मी खांद्याला धरलं तर हात झिडकारला. तळपायांना फोड आले, तरी रस्त्याच्या कडेची सावली धरली नाही. मला वाटत होतं की हा माणूस वर पोचणार नाही, आणि तेवढंच वाटत होतं की याला आता साक्षात यमसुद्धा अडवणार नाही. दुपारी बाराच्या सुमाराला आम्ही वर होतो.

बाग, झोपाळे, कणसं, सगळं तसंच. आबा एकेक बघत त्या लोखंडी मनोऱ्यापाशी आले. मान वर करून टोकाच्या दिव्याकडं बघितलं. जाळीवर तीन भाषांत पाटी होती, हात लावू नये म्हणून.

"ही व्हय?"

"व्हय."

"आनि तू सात वरीस मला ह्येच्या पाया पडू दिलंस?"

मी मान खाली घातली. पण वर फसकन आवाज आला म्हणून बघतो तर आबा हसत होते. आधी हळू, मग खोकत, मग जाळीला धरून. मीही सुटलो. कणसंवाली बाई हातातला पंखा थांबवून आमच्याकडं बघायला लागली.

हसणं ओसरल्यावर आबांनी टोपी नीट केली. "मी दिव्याला बोललो न्हवतो," ते म्हणाले. "डोंगर चढीन म्हनलो हुतो. डोंगर तर हाय न्हवं?"

बागेच्या पलीकडं, जिथं खाली नुसता समुद्र, तिथं एक उघडा खडक होता. आबांनी त्यावर खण अंथरला, तांदूळ ठेवले, नारळ ठेवला. मग कंबरेची छोटी थैली सोडली आणि तिच्यातून चांदीचे दोन डोळे काढले. डोळ्यांचा नवस असला की आमच्याकडं देवीला असे डोळे वाहतात. हे आबांनी स्वतः केले होते, कधी केले मला पत्ता नव्हता. पापण्यांच्या रेघासुद्धा कोरलेल्या. उजवा त्यांनी खडकावर ठेवला. डावा हातात घेतला. मग माझी मूठ उघडून तीत ठेवला आणि माझी बोटं मिटवली.

"ह्यो तिला न्हाई द्यायचा," म्हणाले. "निम्मं काम क्येलंय, निम्मीच वटी."

येताना मात्र सरळ रोपवेच्या खिडकीपाशी गेले आणि दोन तिकिटं काढली. म्हणाले, "नवस चढायचा हुता. उतरायचं म्या कवा बोललो?" पाळण्यात बसल्यावर त्यांनी दांडी दोन्ही हातांनी आवळून धरली, डोळे मिटले, आणि खाली येईपर्यंत उघडले नाहीत. खाली उतरल्यावर एवढंच बोलले, "बरं हाय की. लय हलत न्हाई."

स्टँडकडं चालत निघालो. रस्त्यावर गर्दी होती. मी डावीकडून येणाऱ्या रिक्षापुढं गेलो, नेहमीसारखाच, आणि आबांनी दंडाला धरून मागं ओढलं. मागून वळसा घालून ते माझ्या डाव्या अंगाला आले. "तू पुढं बघून चाल," म्हणाले. "ह्या बाजूला मी हाय."

पुढच्या आठवड्यात ते गावाकडं गेले. वर्षाभरानं मीही परतलो आणि विट्यात छोटं दुकान टाकलं. आबा बाजाराच्या दिवशी यायचे. दम आणखी वाढला होता, हातात काठी आली होती, पण मला घेऊन बाजारात एक फेरी मारायचेच. चालताना डावी बाजू त्यांची. मी चुकून पलीकडं गेलो तर थांबायचे, मागून सावकाश वळसा घालायचे, आणि परत डावीकडं यायचे. ह्यात त्यांचा अर्धा दम जायचा, पण ते ऐकायचे नाहीत. मी एकदा म्हणालो, "आबा, सवय झालीय आता मला." तर म्हणाले, "मला न्हाई झाली."

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आजही बाजारात डाव्या बाजूनं कुणी येऊन आदळलं की मला आधी त्या माणसाचा राग येत नाही. आधी आबांचा येतो, आज कुठं राहिले म्हणून. मग आठवतं.